अरण्यभूमीचा कैवारी बिरसा मुंडा

छोटानागपूरच्या पठारावर मुंडा लोकांची वस्ती फार जुनी आहे. ज्या पूर्वजांनीं रान तोडून प्रथम शेत केलें, त्यांच्या वंशजांची त्या गांवच्या जमिनीवर सामाईक सत्ता असावी, अशी त्यांची रीत असे. तिला खुंटकट्टी म्हणतात. बाहेरून आलेले जहागीरदार, ठेकेदार व सावकार यांनीं ही सत्ता हळूहळू हिरावून घेतली. मालक होते ते कूळ झाले व त्यांच्या मानेवर वेठबिगारीचें जूं बसलें. पुढें १८७८ च्या जंगल कायद्याच्या आधारें सरकारनें रानें राखीव केलीं, तेव्हां लाकूडफाटा व गुरांची चराईही हातची गेली.

अशा काळीं १५ नोव्हेंबर १८७५ रोजीं उलिहातू येथें बिरसाचा जन्म झाला. बाप सुगना, आई करमी. घरीं अठराविश्वे दारिद्र्य. कुटुंब ख्रिस्ती झालें होतें. चाईबासाच्या जर्मन मिशन शाळेंत बिरसा कांहीं वर्षें शिकला. त्या वेळीं सरदार म्हणविणारे मुंडा पुढारी गेलेल्या जमिनीसाठीं सरकारकडे अर्जांमागून अर्ज करीत होते. मिशन आपली बाजू घेईल ही त्यांची आशा फोल ठरली व उभयतांत वितुष्ट आलें. १८९० च्या सुमारास बिरसानें शाळा सोडली. पुढें मिशनही सोडलें.

१८९५ सालीं तो एकेश्वराची भक्ति, स्वच्छता व मद्यत्याग यांचा उपदेश करूं लागला. चालकड गांवीं माणसांची रीघ लागली. लोक त्याला धरती आबा, म्हणजे भूमीचा पिता, म्हणूं लागले. सरकारनें त्याला पकडून दोन वर्षें तुरुंगांत टाकलें. सुटून आला तों मुलुख दुष्काळानें होरपळलेला! मग डोंगरांवर रात्रीं गुप्त सभा भरूं लागल्या.

१८९९ च्या नाताळच्या आदल्या रात्रीं उठावाचा भडका उडाला. सरवदा येथील कॅथॉलिक मिशनवर सुटलेल्या बाणांतून फादर हॉफमन थोडक्यांत बचावले. कांहीं शिपाई मारले गेले. ९ जानेवारी १९०० रोजीं सैल रकब टेकडीवर फौजेनें गोळीबार केला. त्यांत स्त्रियाही पडल्या. फेब्रुवारींत ५०० रुपयांच्या बक्षिसाच्या लोभानें कांहीं लोकांनीं रानांत निजलेल्या बिरसाला पकडून दिलें. ९ जून १९०० रोजीं रांचीच्या तुरुंगांत त्याचा अंत झाला. पटकीनें मृत्यु, अशी सरकारी नोंद झाली. वय अवघें चोवीस!

जें अर्जांनीं साधलें नव्हतें, तें त्याच्यामागें आठ वर्षांनीं साधलें. १९०८ च्या छोटानागपूर कूळकायद्यानें मुंडांची खुंटकट्टी मान्य केली व त्यांची जमीन परक्यांच्या हातीं जाण्यास बंधन घातलें. नवल हें कीं, मुंडांची ही भूमिरीति अधिकाऱ्यांना समजावून देण्यांत फादर हॉफमन हेच पुढें होते. ज्यांच्यावर बाण सुटला, त्यांनींच बाण सोडणाऱ्याचें दुःख ओळखलें.

१५ नोव्हेंबर २००० रोजीं, बिरसाच्या जन्मदिनीं, झारखंड राज्य स्थापन झालें. विद्यार्थ्यांनीं त्याचें शौर्य तर आठवावेंच; परंतु गरिबाचा अर्ज वेळींच वाचला जाता, तर किती रक्त वांचलें असतें, याचाही विचार करावा.