तारेच्या त्या टोकाचा कॉम्प्युटर

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरसाठी एक्सेस-थ्री कोड आपण सगळ्यांनीच घोकलाय. प्रत्येक अंकात तीन मिळवायचे, झालं! हे 'तीन' आपल्या यंत्रात वापरणारा माणूस म्हणजे जॉर्ज स्टिबिट्झ. पण मला तो आवडतो तो आपल्या लॅबमधल्या थिन क्लायंटमुळे. त्या डब्यात हार्ड डिस्क नसते, सगळं काम सर्व्हर करतो. आपण अडकलो की लॅब असिस्टंट सर खुर्चीवरून न उठता आपला स्क्रीन त्यांच्याकडे घेतात आणि सोडवतात. (चॅटिंग करतानाही तसंच पकडतात, ते वेगळं!) माणूस इथे आणि यंत्र भलतीकडे, हे स्टिबिट्झने १९४० सालीच करून दाखवलं होतं.

जन्म ३० एप्रिल १९०४, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात यॉर्क इथे. १९३० मध्ये कॉर्नेलची डॉक्टरेट घेऊन तो बेल लॅब्जमध्ये लागला. नोव्हेंबर १९३७ मध्ये पठ्ठ्याने टेलिफोनचे रिले घरी आणले. तंबाखूच्या डब्याचा पत्रा कापला, टॉर्चचे बल्ब आणि बॅटऱ्या जोडल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बायनरी बेरीज करणारं सर्किट तयार! किचनचा के म्हणून नाव 'मॉडेल के'.

बेलमध्ये फिल्टर आणि ॲम्प्लिफायरच्या डिझाइनसाठी कॉम्प्लेक्स नंबरची गणितं ढिगाने करावी लागत. सॅम्युअल विल्यम्स या इंजिनिअरने स्टिबिट्झच्या कल्पनेवरून चारशेहून जास्त रिलेंचं यंत्र उभं केलं आणि जानेवारी १९४० मध्ये ते कामाला लागलं. यंत्र एका खोलीत, टेलिटाइप तीन वेगवेगळ्या ठिकाणी. एकाचं चालू असेल तर बाकीचे दोघे थांबणार, आपल्या होस्टेलच्या गीझरसारखं.

११ सप्टेंबर १९४० ला हॅनोव्हरमधल्या डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांचं संमेलन होतं. स्टिबिट्झने तिथे फक्त एक टेलिटाइप ठेवला. गणित टाइप केलं की ते तारेवरून न्यूयॉर्कला जायचं आणि मिनिटभराच्या आत उत्तर इथल्या कागदावर छापून यायचं. नॉर्बर्ट वीनर आणि पुढे एनियाक बनवणारा जॉन मॉकली, दोघेही तिथे हजर होते.

मला विचाराल तर खरी मेख इथेच आहे. एवढ्या लांबचा रिले अडकला, तर हॅनोव्हरमध्ये बसलेल्याला कळणार कसं? कागदावर आकडा तर येणारच, फक्त चुकीचा! याचं उत्तर १९४३ च्या त्याच्या पुढच्या यंत्रात मिळतं. तिथे प्रत्येक अंकाला सात रिले होते आणि त्यातले नेमके दोनच चालू हवेत. एक कमी किंवा जास्त झाला की यंत्र आपणहून थांबायचं. म्हणजे बिघाडाची खबर यंत्रच देणार. याच घराण्यातल्या नंतरच्या एका यंत्रावर रिचर्ड हॅमिंग वीकएंडला काम लावून जायचा. चूक सापडली की यंत्र त्याचं काम सोडून पुढचं घ्यायचं. चूक कळते तर दुरुस्त का करत नाही, म्हणून तो वैतागला आणि त्यातूनच १९५० चा हॅमिंग कोड आला. तोही आपल्या सिलॅबसमध्ये आहेच!

१९६४ मध्ये स्टिबिट्झ पुन्हा डार्टमथला आला, पण मेडिकल स्कूलमध्ये, शरीरातल्या क्रियांची कॉम्प्युटर मॉडेल्स करायला. त्याच वर्षी त्याच कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी एका कॉम्प्युटरला अनेक टेलिटाइप जोडून सगळ्यांना एकाच वेळी काम करायची सोय केली. गीझरची रांग संपली! ३१ जानेवारी १९९५ ला हॅनोव्हरमध्येच तो वारला.