स्टेला क्रॅमरिश : भारतीय शिल्प कसं बघायचं, हे विद्यापीठात आणि संग्रहालयात शिकवणाऱ्या विदुषी

१९१० साली लंडनमध्ये एका सभेत सर जॉर्ज बर्डवुड यांनी भारताला ललितकला नाहीच, असं जाहीर करून टाकलं. बर्डवुड यांचा जन्म बेळगावचा, आणि भायखळ्याचं संग्रहालय उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. भारतीय कारागिरीचं त्यांना कौतुक होतं, पण मूर्तींना ते कला मानायला तयार नव्हते. इतक्या जाणकार माणसाचं हे मत असेल, तर युरोपातल्या विद्यापीठांत काय परिस्थिती असेल याची कल्पना येते.

हे चित्र बदलणाऱ्या अभ्यासकांमध्ये एक महत्त्वाचं नाव म्हणजे स्टेला क्रॅमरिश.

व्हिएन्नातलं शिक्षण

स्टेला यांचा जन्म १८९६ चा. त्यांचं जन्मगाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. लहानपणी त्या बॅले शिकल्या. किशोरवयात भगवद्गीतेचा अनुवाद हाती पडला आणि भारताची ओढ लागली. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी कलेच्या इतिहासाबरोबर संस्कृतचाही अभ्यास केला. १९१९ मध्ये भारतातल्या सुरुवातीच्या बौद्ध शिल्पांवरच्या प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्यानंतर ऑक्सफर्डमध्ये त्यांचं व्याख्यान रवींद्रनाथ टागोरांनी ऐकलं आणि त्यांना शांतिनिकेतनला शिकवायला बोलावलं.

कलकत्त्याची वर्षं

भारतात आल्यावर थोड्याच काळात त्यांनी एक धाडस केलं. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेशी पत्रव्यवहार करून तिथली चित्रं मागवली. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात क्ले, कँडिन्स्की यांची चित्रं गगनेंद्रनाथ टागोर, सुनयनी देवी यांच्या चित्रांसोबत मांडली गेली.

पुढे १९५० पर्यंत त्या कलकत्ता विद्यापीठात शिकवत होत्या. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रकलेवरच्या भागाचं त्यांनी इंग्रजीत भाषांतर केलं. नृत्य कळल्याशिवाय चित्र कळत नाही, असं हा ग्रंथ मानतो. नृत्य शिकलेल्या बाईंना ते लगेच पटलं असणार. १९३७ मध्ये अजिंठा, वेरूळसह दख्खनच्या चित्रांवरचं त्यांचं पुस्तक आलं. १९४६ मध्ये हिंदू मंदिरावरचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मंदिराचा आराखडा, शिखर, गर्भगृह आणि भिंतीवरची प्रत्येक मूर्ती यांची जागा ठरण्यामागे एक विचार असतो, हे त्यांनी शास्त्रग्रंथांच्या आधारे दाखवलं. मूर्ती भिंतीपासून सुटी करून बघितली, तर तिचा निम्मा अर्थ हरवतो, हे त्यातून स्पष्ट झालं.

मूर्ती सुटी झाली, मग काय?

१९५० मध्ये त्यांचे पती लास्लो नेमेनी यांची पाकिस्तानात हत्या झाली. त्याच वर्षी स्टेला अमेरिकेला गेल्या आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवू लागल्या. १९५४ पासून त्या फिलाडेल्फिया कलासंग्रहालयात भारतीय कलेच्या क्युरेटरही झाल्या.

इथे खरी अडचण होती. संग्रहालयातली मूर्ती देवळापासून तुटलेलीच असते. मग तिचा संदर्भ परत कसा द्यायचा? त्यांचा मार्ग होता वस्तू कल्पनेभोवती मांडण्याचा. १९८१ चं त्यांचं गाजलेलं प्रदर्शन शिवाच्या वेगवेगळ्या रूपांवर होतं. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या शिवावरच्या ग्रंथात घारापुरीच्या लेण्याचं सविस्तर विवेचन आहे.

त्याआधी, १९६८ मध्ये, त्यांनी खेड्यांतल्या आणि आदिवासींच्या पूजेच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. जुन्या साड्यांचे थर शिवून केलेल्या बंगाली गोधड्या, म्हणजे कांथा, त्या कितीतरी वर्षं जमवत होत्या. बाईच्या हातची गोधडीही त्यांच्या लेखी देवळातल्या कांस्यमूर्तीइतकीच अभ्यासाची वस्तू होती. बर्डवुड यांनी कारागिरी आणि कला यांच्यात ओढलेली रेघ इथे पुसली गेली.

टीका आणि वारसा

त्यांच्यावर टीकाही झाली. मंदिराचा अध्यात्मिक अर्थ शोधताना ते कुणी, कुणाच्या पैशातून आणि कशासाठी बांधलं, हा इतिहास मागे पडतो, हा मुख्य आक्षेप. तो आजही गांभीर्याने घेतला जातो. पण त्या प्रश्नांची उत्तरं शोधणाऱ्यांनाही आधी त्यांचा मंदिरावरचा ग्रंथ वाचावाच लागतो.

१९८२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. १९९३ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचं निधन झालं. त्यांनी जमवलेल्या कांथा आज तिथल्या संग्रहालयात आहेत.