शिकवता शिकवता घडलेले वैमानिक : कॅप्टन ऑगस्ट मार्टिन



पायलट व्हायचे आहे, असे सांगणारे विद्यार्थी आम्हाला दरवर्षी भेटतात. खर्चाचा आकडा ऐकून त्यातले बरेच जण गप्प होतात. त्यांच्यासाठी या अंकात आम्ही कॅप्टन ऑगस्ट मार्टिन यांचा परिचय देत आहोत.

मार्टिन यांचा जन्म १९१९ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. विमानाचे वेड होते, पण शिकायला पैसे नव्हते. म्हणून कॅलिफोर्नियातील ओकलंड विमानतळावर त्यांनी विमाने धुण्याचे काम धरले आणि त्या कमाईतून ते उड्डाण शिकले. १९४० मध्ये त्यांनी प्रथमच एकट्याने विमान उडवले.

वैमानिकाची खरी पुंजी म्हणजे उड्डाणाचे तास. आपल्या देशात व्यावसायिक परवान्यासाठीच २०० तास लागतात. स्वतःच्या पैशाने तास वाढवणे फार महाग पडते. प्रशिक्षकाचे तसे नसते. शिष्याला शिकवताना झालेले तास त्याच्याही नोंदवहीत जमा होतात आणि वर पगार मिळतो. म्हणूनच अमेरिकेत आजही पुष्कळ तरुण आधी प्रशिक्षक होतात आणि मग छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत शिरतात. मार्टिन यांनीही हाच मार्ग धरला. महायुद्धाच्या काळात त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात नौदलाच्या उमेदवारांना उड्डाण शिकवले.

पुढे ते स्वतः पुन्हा विद्यार्थी झाले. टस्कीगी येथे लष्कर कृष्णवर्णीय वैमानिकांना वेगळे ठेवून शिकवत असे. तिथे ते बॉम्बफेकी विमान चालवायला शिकले. मात्र ते लढाईवर जाण्यापूर्वीच १९४५ मध्ये युद्ध संपले.

आता अनुभव होता, परवाना होता, तरी विमान कंपन्यांची दारे उघडेनात. कारण एकच, कातडीचा रंग. प्रशिक्षक राहिलेला हा माणूस न्यूयॉर्कच्या गोदीत माल उतरवू लागला. पण मिळेल तेव्हा, मिळेल ते विमान उडवणे त्यांनी सोडले नाही. अखेर १९५५ मध्ये सीबोर्ड अँड वेस्टर्न या मालवाहू कंपनीने त्यांना घेतले. अमेरिकेतील नियमित विमानसेवेचे ते पहिले कृष्णवर्णीय कॅप्टन ठरले.

१९६८ मध्ये नायजेरियातील यादवी युद्धात बियाफ्रा भागात मुले भुकेने मरत होती. त्यांच्यासाठी मदत घेऊन जाताना, भर पावसात विमान उतरवत असताना, मार्टिन यांचा अपघाती मृत्यू झाला. न्यूयॉर्कमध्ये केनेडी विमानतळाजवळच्या एका शाळेला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

मित्रांनो, परिश्रम केले की सर्व मिळते, एवढाच बोध आम्ही यातून घेत नाही. मार्टिन यांचे परिश्रम १९४५ मध्येच पुरेसे होते. उशीर झाला तो दाराआड बसलेल्यांमुळे. तुम्ही दाराबाहेर असाल तर तयारी सोडू नका. आणि उद्या दाराआड बसाल तेव्हा समोरच्याची नोंदवही बघा, रंग किंवा जात नव्हे.