वादळाची वर्दी देणारा कप्तान

समुद्र खवळणार असला की कोकणातल्या बंदरांत ‘तीन नंबरचा बावटा’ लागल्याची बातमी येते. माढ्याला ना समुद्र, ना बंदर. इथल्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर पिवळा किंवा नारिंगी इशारा येतो. हिवाळा सरता सरता, द्राक्षे उतरवणीला आलेली असताना आणि ज्वारी कापणीला टेकलेली असताना विजा, वारा आणि गारा यांचा तो इशारा असतो. बावटा असो की मोबाइलवरचा संदेश, दोन्हींमागची कल्पना एकच आहे. वादळ अडवता येत नाही, पण त्याच्या आधी बातमी पोहोचवता येते. ही कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी रॉबर्ट फिट्झरॉय या इंग्लिश नौदल अधिकाऱ्याने आपले उत्तरायुष्य खर्ची घातले.

फिट्झरॉय यांचा जन्म ५ जुलै १८०५ रोजी इंग्लंडमधील सफोक परगण्यात एका उमराव घराण्यात झाला. लहान वयातच ते नौदलाच्या विद्यालयात दाखल झाले आणि अवघ्या तेविसाव्या वर्षी ‘बीगल’ या सर्वेक्षण जहाजाचे कप्तान झाले. पुढे याच जहाजावरून चार्ल्स डार्विन जगप्रवासाला गेले. त्यामुळे फिट्झरॉय यांची ओळख बहुतेकांना ‘डार्विनचा कप्तान’ एवढीच असते.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग मात्र डार्विन जहाजावर येण्याआधीचा आहे. जानेवारी १८२९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ ‘बीगल’ला अचानक वादळाने गाठले. डोलकाठ्या मोडल्या आणि दोन खलाशी प्राणाला मुकले. वायुभारमापकातला पारा आधीच घसरत होता, पण शिडे वेळेत उतरवली गेली नाहीत. ही बोच फिट्झरॉय यांच्या मनातून कधी गेली नाही. यंत्राने सांगितले होते, माणसाने ऐकले नव्हते.

पाऱ्याचे हे सांगणे समजायला अवघड नाही. आपल्या डोक्यावरच्या हवेला वजन असते. समुद्रसपाटीला हे वजन साधारण ७६ सेंटिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरते. वादळी प्रणाली जवळ आली की हवेचा दाब कमी होतो आणि पारा उतरू लागतो. तो जितक्या झपाट्याने उतरेल, तितका वारा जोराचा होण्याचा संभव अधिक. पण एका ठिकाणचा पारा फक्त त्या ठिकाणचे सांगतो. वादळ कुठून येते आहे आणि कुठे जाणार, हे कळायला अनेक गावांच्या नोंदी एकाच वेळी समोर असाव्या लागतात.

संसद सदस्यत्व आणि न्यूझीलंडचे गव्हर्नरपद अशी वळणे घेऊन १८५४ मध्ये फिट्झरॉय ब्रिटिश व्यापार मंडळाच्या नव्या हवामान विभागाचे प्रमुख झाले. काम होते जहाजांकडून नोंदी गोळा करून तक्ते बनवण्याचे. त्यांनी त्याच्या पुढे पाऊल टाकले. गरीब कोळी वस्त्यांमध्ये सर्वांना दिसतील अशा जागी वायुभारमापक बसवले जावेत म्हणून ते झटले. पारा कसा वाचायचा, हे सांगणारी पुस्तिकाही त्यांनी साध्या भाषेत लिहिली. होडी समुद्रात लोटण्यापूर्वी पारा पाहायचा, ही सवय त्यांना गावोगावी लावायची होती.

ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. देश हादरला. फिट्झरॉय यांनी त्या वादळाच्या नोंदी जुळवून त्याचा मार्ग नकाशावर मांडला. वादळाला एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचायला तास लागतात, तारेला मात्र काही मिनिटे पुरतात, हे त्यांनी हेरले. मग किनाऱ्यावरच्या ठरावीक ठिकाणांहून रोज सकाळी तारेने नोंदी लंडनला येऊ लागल्या. धोका दिसला की उलट तार जाई आणि बंदरातल्या उंच खांबावर कापडी शंकू किंवा पिंपाच्या आकाराची खूण चढे. शंकूचे टोक वर असेल तर उत्तरेकडून वारा, खाली असेल तर दक्षिणेकडून. रात्री याच आकारात दिवे लावले जात. अक्षरओळख नसलेल्या खलाशालाही हे कळत असे. आपल्या बंदरांतले बावटे याच कुळातले. नाव बावटा असले तरी दिवसा वर चढतात ते शंकू आणि दंडगोल, रात्री दिवे.

फेब्रुवारी १८६१ मध्ये त्यांनी वादळाचा पहिला इशारा दिला. ईशान्य किनाऱ्यावर अनेकांनी तो मनावर घेतला नाही आणि जहाजे बाहेर पडली. ९ फेब्रुवारीच्या हिवाळी वादळात कित्येक जहाजे किनाऱ्यावर आपटली. व्हिटबी गावच्या बचाव नौकेने त्या दिवशी पाच जहाजांवरची माणसे सोडवून आणली. सहाव्या फेरीत नौका उलटली आणि तेरापैकी बाराजण गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन. नव्या धर्तीचे बुचाचे जॅकेट एकट्याच्याच अंगावर होते.

त्याच वर्षी ऑगस्टपासून लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रोजचा हवामान अंदाज छापून येऊ लागला. इंग्रजीत ‘फोरकास्ट’ हा शब्द या अर्थाने रूढ केला तो फिट्झरॉय यांनीच. ज्योतिषाच्या भाकितापासून आपले काम वेगळे दिसावे, हा त्यांचा कटाक्ष होता. पण अंदाज चुकला की थट्टा व्हायची. होड्या बंदरात अडकून पडतात म्हणून मासेमारी ताफ्यांचे मालक कुरकुर करायचे, तर सिद्धांताचा पाया कच्चा असल्याची टीका शास्त्रज्ञ करायचे. या टीकेत तथ्यही होते. वादळाचे गणित तेव्हा कुणालाच नीट उमगले नव्हते. फिट्झरॉय मात्र प्रत्येक चूक स्वतःला लावून घेत. पैसाही संपत आला होता. नैराश्याने त्यांना ग्रासले आणि ३० एप्रिल १८६५ रोजी त्यांनी आपले आयुष्य संपवले. त्या काळी अशा आजारावर धड उपचार नव्हते. आज ते आहेत, आणि ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलताही येते.

त्यांच्यामागे डिसेंबर १८६६ मध्ये इशारे थांबवण्यात आले. तेव्हा बंदरांतून आणि कोळ्यांकडूनच ओरड झाली आणि वर्षभरात ते पुन्हा सुरू करावे लागले. इशाऱ्याची किंमत ज्यांचा जीव त्यावर अवलंबून होता, त्यांना कळली होती.

भारतात ही यंत्रणा आली तीही एका आपत्तीनंतर. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळाने कोलकाता परिसरात सुमारे ६० हजार बळी घेतले. पुढच्याच वर्षी तिथल्या बंदरासाठी इशारे सुरू झाले. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले आणि शिवाजीनगरची ती इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते.

माढ्यातले संकट वेगळे आहे. उत्तरेकडच्या पश्चिमी वाऱ्यांमुळे वरच्या थरांत थंड हवा येते, खाली समुद्रावरून बाष्प येते आणि तापलेल्या जमिनीवर उंच ढग उभे राहतात. त्यातून गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापूरसह राज्याच्या मोठ्या भागाने हे सोसले. असे ढग तासा-दोन तासांत उभे राहतात. त्यामुळे नेमक्या गावाचा इशारा आजही थोडाच आधी मिळतो. म्हणून तयारी इशाऱ्याच्या आधी झालेली हवी.

हिवाळा संपण्यापूर्वी पत्र्याचे हूक तपासून घ्यावेत आणि सैल पत्रे घट्ट बांधावेत. गोठ्याचे छप्पर डागडुजी करावे. शेतात कापून ठेवलेले पीक झाकायला ताडपत्री हाताशी असावी. ‘मेघदूत’ आणि विजेसाठी ‘दामिनी’ ही ॲप घरातल्या एकाच्या तरी मोबाइलवर असावीत आणि मोबाइल नसलेल्या शेजाऱ्याला कोण कळवणार, हे ठरलेले असावे. ढग गडगडू लागले की जनावरे झाडाखालून सोडवून गोठ्यात न्यावीत, माणसांनी पक्क्या घरात जावे, विजेची मोटर बंद करायला शेतात धावू नये. गारा थांबल्यावर तुटलेल्या तारांपासून लांब राहावे.

‘रॉयल चार्टर’च्या वेळी कुणी सांगणारे नव्हते. व्हिटबीच्या वादळाआधी सांगून झाले होते, पण ऐकणारे कमी होते. माढ्याच्या शेतकऱ्याला आज इशारा मिळतो. पुढचे काम घराचे आणि गावाचे.