सावित्रीबाई फुले, प्लेग आणि जंतूंना लागणारे लोह

सावित्रीबाई फुले तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात 3 जानेवारी 1831 रोजी जन्म, 1848 मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा. त्यांच्या शेवटच्या आजाराबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही.

1896 मध्ये मुंबईत आलेला प्लेग पुढच्या वर्षी पुण्यात पसरला (1899 मध्ये तो नाशिकजवळच्या भगूरलाही पोचला). सावित्रीबाई तेव्हा 66 वर्षांच्या होत्या. जोतिराव जाऊन सहा वर्षे झाली होती. दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांच्यासह त्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर उचलून तिथे आणले. त्यांनाही लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. दोनच महिन्यांपूर्वी मुंबईत हाफकिन यांनी नवी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. प्रतिजैविके यायला अजून अनेक दशके होती.

हा जंतू शरीरात इतका कसा वाढतो? त्याला लोह लागते, पण आपल्या रक्तातले लोह ट्रान्सफेरिन हे प्रथिन घट्ट धरून ठेवते. जंतूमध्ये ‘फर’ नावाचे प्रथिन असते. लोह पुरेसे असले की ते जनुकांवर बसून लोह ओढण्याचे काम बंद ठेवते, कारण जास्तीचे लोह जंतूलाही घातक असते. लोह कमी पडले की ‘फर’ सुटते, जनुके चालू होतात आणि जंतू यर्सिनियाबॅक्टिन नावाचा रेणू बाहेर सोडून लोह खेचून आणतो.

2009 मध्ये शिकागोत एका संशोधकाचा प्लेगने मृत्यू झाला. प्रयोगशाळेतला तो जंतू लोह मिळवण्यात कमजोर केलेला, म्हणून निरुपद्रवी मानलेला होता. पण त्या संशोधकाच्या शरीरात आनुवंशिक आजारामुळे लोह साठलेले होते. जंतूला ते बहुधा आयतेच मिळाले.

प्लेगवर आज प्रतिजैविके आहेत. ती लवकर सुरू झाली तर रुग्ण बरा होतो. तुमच्या घरी थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर हे लक्षात ठेवा: वारंवार रक्त चढवल्याने लोह साठते आणि प्लेगच्या जंतूच्या भाऊबंदांना, विशेषतः यर्सिनिया एंटेरोकोलिटिकाला, ते फावते. ताप, पोटदुखी किंवा जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लोह काढणारे डेस्फेरीऑक्झामिनचे इंजेक्शन चालू असेल तर आधी ते सांगा, कारण हा जंतू त्या औषधाने बांधलेले लोहही वापरतो. तापात डॉक्टर ते काही काळ थांबवतात.