बाबासाहेब : माणसांचं वागणं वाचणारा अभ्यासक

गेल्या महिन्यात नालासोपाऱ्यात, सोपाऱ्याच्या स्तूपापासून रिक्षाने दहा मिनिटांवर असलेल्या एका हॉलमध्ये बौद्ध वधू-वर मेळावा होता. मी स्वयंसेवक म्हणून नोंदणीच्या टेबलावर बसले होते. फॉर्मवर धर्माच्या रकान्यात सगळ्यांनी अभिमानाने बौद्ध लिहिलं. त्याखाली एक रकाना होता, पोटजातीचा. तो कोणी छापायला सांगितला हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण बहुतेकांनी तो भरला. काहींनी पोटजातीऐवजी जिल्हा लिहिला आणि कंसात टाकलं, फक्त कोकणातलं स्थळ. इंजिनीअर मुलं, नर्सिंग केलेल्या मुली, जयंतीला मिरवणुकीत पुढे असणारे कार्यकर्ते, सगळ्यांचे फॉर्म तसेच.

त्या दिवशी घरी येऊन मी बाबासाहेबांचा १९१६ सालचा जातीवरचा निबंध पुन्हा वाचायला काढला. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून ओळखतो, बोधिसत्त्व म्हणून वंदन करतो. पण माणूस असा का वागतो, त्याला तसं वागायला कोण शिकवतं आणि त्याच्या वागण्यातून पुन्हा समाज कसा घडतो, या प्रश्नामागे आयुष्यभर लागलेला अभ्यासक आपल्या भाषणांत फार कमी येतो. हे त्या अभ्यासकाचं चरित्र आहे.

या अभ्यासाची सुरुवात विद्यापीठात झाली नाही, ती मसूरच्या रेल्वे स्टेशनवर झाली. साल १९०१. वडील रामजी सुभेदार कोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते आणि मुलं साताऱ्याला. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे जायचं म्हणून दहा वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि भाचे नवे कपडे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं घालून निघाले. पत्र वेळेवर न मिळाल्याने स्टेशनवर कोणी घ्यायला आलं नाही. स्टेशनमास्तरने कपडे बघून चांगल्या घरची मुलं समजून विचारपूस केली. भीमने सरळ सांगून टाकलं की आम्ही महार. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो मागे सरला. गाडीवाला कोणी मिळेना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवाला बाजूने चालणार. जवळ खायला होतं पण पाणी नव्हतं. जकात नाक्यावर भीमने मुसलमान असल्याचं सांगून उर्दूत पाणी मागून पाहिलं, तरीही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा मुलं पोचली ती तशीच तहानलेली.

मला या प्रसंगात तो स्टेशनमास्तर महत्त्वाचा वाटतो. तो दुष्ट नव्हता. दोन मिनिटांपूर्वी तो या पोरांची काळजी करत होता. पोरं तीच, कपडे तेच, फक्त एक शब्द ऐकला आणि त्याचं शरीर आपोआप मागे गेलं. त्याने विचार करून ते केलं नाही. त्याच्याआधीच्या कित्येक पिढ्यांनी त्याच्यासाठी विचार करून ठेवला होता.

पुढचा प्रवास तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगते. १४ एप्रिल १८९१ ला महूला जन्म, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे, वडील कबीरपंथी आणि लष्करी शाळेत शिक्षक. आई भीमाबाई लहानपणीच गेली. शाळेत बसायला घरून नेलेलं गोणपाट, आणि पाणी शिपायाने वरून ओतलं तरच. मग मुंबई, परळच्या चाळीतली खोली, एल्फिन्स्टन हायस्कूल, १९०७ ला मॅट्रिक. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र या मुलाच्या हाती ठेवलं, ते याच सुमारास. १९१२ ला बी. ए. झालं, १९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले.

मुख्य विषय अर्थशास्त्र. पण ते समाजशास्त्राच्या आणि मानववंशशास्त्राच्या वर्गांतही जाऊन बसत. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय २५. जातीवर तोवर लिहिणारे बहुतेक युरोपियन पंडित आणि सरकारी अधिकारी होते. कोणी वंशात जात शोधत होतं, कोणी धंद्यात. मराठी माणसांपैकी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी थोडं आधी अमेरिकेतच जातींच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं होतं. बाबासाहेबांनी त्यांची दखल घेतली, काही मान्य केलं, काही खोडलं. आणि मग स्वतःचा मुद्दा मांडला: जातीचा गाभा विटाळात नाही, धंद्यात नाही, तो लग्नात आहे. आपल्याच गटात लग्न करण्याची सक्ती काढून टाका, जात उभी राहू शकत नाही.

ही सक्ती टिकवायची तर गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला तर मागे राहिलेली बाई गटाबाहेर लग्न करेल, ही भीती. त्यातून सती, सक्तीचं वैधव्य. बायको मेलेल्या पुरुषाला गटातच बायको हवी, म्हणून लहान मुलींची लग्नं. म्हणजे ज्या रूढींना लोक पावित्र्य म्हणून पूजत होते, त्या खरं तर कुंपणाच्या खुंट्या होत्या. आधी कुंपण घातलं गेलं, त्याचं तत्त्वज्ञान नंतर सांगितलं गेलं.

मग हे कुंपण एवढ्या मोठ्या देशात पसरलं कसं? एका मनूने कायदा केला आणि सगळ्यांनी मान खाली घातली, हे बाबासाहेबांना पटत नव्हतं. मनूने आधीपासून चालत असलेल्या रिवाजाला धर्माची मोहोर लावली, एवढंच. पसरवण्याचं काम केलं अनुकरणाने. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गॅब्रिएल तार्द याने अनुकरणाचे नियम सांगितले होते: ते वरून खाली वाहतं आणि जवळच्यावर जास्त परिणाम करतं. बाबासाहेबांनी तो नियम इथे लावून दाखवला. ब्राह्मण वर्गाने आधी स्वतःचं दार बंद केलं. मग त्यांना जवळ असलेल्यांनी त्यांचं बघून तिन्ही रूढी उचलल्या, जरा दूरच्यांनी काही उचलल्या, आणि सर्वांत दूरच्यांनी निदान आपल्यातच लग्न करण्याचा नियम तरी उचलला. काहींनी दार बंद केलं, तर काहींना ते आपल्यावर बंद झालेलं दिसलं.

माझ्या एम. ए. च्या दोन वर्षांत हा निबंध वर्गात एका वाक्यात उरकला गेला. एम. एन. श्रीनिवास यांची १९५२ च्या पुस्तकातून रूढ झालेली संस्कृतीकरणाची संकल्पना मात्र आम्ही आठवडाभर शिकलो, परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न. खालच्या जाती वरच्यांचं अनुकरण करतात हे त्याआधी ३६ वर्षं एका विद्यार्थ्याने लिहून ठेवलं होतं, आणि त्याने त्याला वर चढण्याची शिडी म्हटलं नव्हतं. त्याच्या मते जात पसरते ती याच वाटेने.

१९१७ मध्ये ते शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा नाही. हिंदू खाणावळीत जाणं शक्य नव्हतं, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि जागा सोडायला लावली. एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिलं. तो मूळचा ब्राह्मण घरातला, आणि त्याच्या घरात जुनी सोवळी वृत्ती तशीच होती, म्हणून तिथेही सोय झाली नाही. शेवटी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

पारशी धर्मात अस्पृश्यता नाही. ख्रिस्ती धर्मातही नाही. पण माणूस ग्रंथाप्रमाणे वागत नाही, आजूबाजूच्यांप्रमाणे वागतो. हे समजायला आपल्याला बडोद्याला जायला नको. आपल्या वसईत पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती झालेले सामवेदी आहेत, वाडवळ आहेत, कोळी आहेत. एकाच देवळात प्रार्थना, पण सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या समाजातच. आता नव्या पिढीत ते सैल होतंय, आणि त्यांच्यातलेच लोक त्यावर मोकळेपणाने बोलतात. बोट दाखवायला हे लिहीत नाही. आमच्या नोंदणीच्या टेबलावरचा तो रकाना आठवला म्हणून लिहिलं.

महाडला आपण सगळे चवदार तळ्यासाठी ओळखतो. २० मार्च १९२७ ला हजारो लोक तळ्याकडे चालत गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळं शुद्ध करून घेतलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. पण त्या डिसेंबरच्या परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी वेगळं बोलले, त्याकडे मी तुमचं लक्ष वेधते. त्या काळी महार स्त्री लांबूनच ओळखू यायची. लुगडं गुडघ्यापर्यंत, हातापायांत जड कथलाचे दागिने. बाबासाहेबांनी सांगितलं की तुम्हाला ओळखून बाजूला काढणारी ही खूण टाकून द्या, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, मेलेल्या जनावराचं मांस घरात शिजवू नका, दारुड्या नवऱ्याला जेवू घालू नका, मुलांबरोबर मुलींनाही शाळेत घाला. परिषद संपवून परत जाताना कित्येक बायका लुगडं नव्या पद्धतीने नेसून निघाल्या.

इथे चळवळीतल्या काही मुली मला विचारतात, आणि बरोबर विचारतात: अकरा वर्षांपूर्वी ज्याने अनुकरणाला जातीच्या प्रसाराचं कारण म्हटलं, तोच आता वरच्या जातींच्या बायकांसारखं नेसायला कसं सांगतो? मी बराच विचार केला. वरच्यांचं काय उचलायचं आणि काय नाही याची निवड त्यांनी केली होती, असं मला वाटतं. गुडघ्यापर्यंतचं लुगडं ही महार बायकांनी आवडीने निवडलेली फॅशन नव्हती, ती गावाने लादलेली पाटी होती. ती पुसायला सांगितली. पण विधवेचं मुंडण, बालविवाह, सोवळं, पोटजातीतली लग्नं, यांतलं काहीही त्यांनी कधी उचलायला सांगितलं नाही. आज आपल्या लग्नांत हळद, मेंदी, संगीत अशी तीन दिवसांची कर्ज काढून केलेली धामधूम असते आणि मंगल परिणय मात्र पंधरा मिनिटांत उरकला जातो. तेव्हा आपण काय निवडतोय हे बघण्यासारखं आहे.

महार वतनाच्या बाबतीत त्यांनी स्वतःच्याच लोकांची नाराजी ओढवून घेतली. वतन म्हणजे गावची वेठबिगारी आणि बदल्यात जमिनीचा तुकडा, बलुतं, भाकरतुकडा. लोकांना त्याचा अभिमान होता, हक्क वाटत होता. १९२८ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायदा बदलण्याचं विधेयक आणलं. त्यांना दिसत होतं की माणूस रोज भाकरी मागायला दारात उभा राहतो तेव्हा त्याचा कणाही तसाच वाकतो, आणि मग तो वाकणं हाच स्वभाव समजतो. विधेयक पुढे गेलं नाही. ही वतनं कायद्याने गेली ती १९५८ मध्ये, ते नसताना.

काळाराम मंदिर, गोलमेज परिषदा, पुणे करार, येवला, मजूर पक्ष, घटना, यांवर या संकेतस्थळावर इतरांनी भरपूर लिहिलं आहे. मला त्यातलं १९३६ चं लाहोरचं न झालेलं भाषण महत्त्वाचं वाटतं. जातिनिर्मूलनाच्या त्या भाषणात वीस वर्षांपूर्वीचाच विद्यार्थी बोलतो: जात ही विटांची भिंत नाही, ती मनाची धारणा आहे, आणि ती मोडायची तर जातीबाहेर लग्नं व्हायला हवीत व त्या धारणेला आधार देणाऱ्या शास्त्रांचं प्रामाण्य नाकारायला हवं. आयोजकांना ते झेपलं नाही, त्यांनी परिषदच रद्द केली. १९४८ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः सारस्वत कुटुंबातल्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं. हिंदू कोड बिलात आंतरजातीय लग्नाला आणि स्त्रीच्या वारसाहक्काला जागा देण्यासाठी ते झगडले, आणि ते रखडवलं गेलं तेव्हा १९५१ मध्ये मंत्रिपद सोडून बाहेर पडले.

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. त्रिशरण-पंचशील घेतल्यावर त्यांनी लोकांकडून २२ प्रतिज्ञा वदवून घेतल्या. त्या एकदा समाजशास्त्राच्या नजरेने वाचा. कशावर विश्वास ठेवायचा याबरोबरच काय करायचं आणि काय नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. श्राद्ध घालणार नाही, पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकडून विधी करवून घेणार नाही, दारू पिणार नाही, खोटं बोलणार नाही. धर्म बदलला तरी सवयी तशाच राहतात हे त्यांनी बडोद्याला भोगलं होतं. म्हणून सवयींनाच हात घातला.

मुंबईतल्या लोकांना १६ डिसेंबरला दीक्षा देण्याचं ठरलं होतं. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. ७ तारखेला दादरच्या समुद्रकिनारी, चितेसमोर, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून प्रचंड जनसमुदायाने रडत रडत दीक्षा घेतली.

माझी आजी त्या गर्दीत होती. तेव्हा ती वरळीच्या चाळीत राहायची, विशीतली, कडेवर माझे मोठे काका. घरी परतल्यावर आजोबांनी देव्हारा उतरवला आणि देव समुद्रात सोडून आले. पण संध्याकाळी दिवा लावायची वेळ झाली की आजीचे पाय त्या रिकाम्या कोनाड्याकडे जायचे. ती सांगायची, कित्येक दिवस ती तिथे जाऊन नुसती उभी राहायची आणि परत यायची. मग एक दिवस तिने काकांची पहिलीची पाटी-पुस्तकं आणून त्या कोनाड्यात ठेवली. काका अजून शाळेत जाण्याएवढे झाले नव्हते.