दंतचिकित्सा वेदनामुक्त करणारे शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड

खालची दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य रुग्णाच्या जबड्याच्या मागील भागात, आतल्या बाजूने एक इंजेक्शन देतात. काही मिनिटांत त्या बाजूचा अर्धा ओठ आणि हनुवटी बधिर होते. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, तरीही त्याला दाढ काढल्याची वेदना जाणवत नाही. आज ही बाब नित्याची झाली आहे. या इंजेक्शनाचा पाया सुमारे १४० वर्षांपूर्वी अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम स्ट्युअर्ट हॅल्स्टेड यांनी घातला आणि त्याची जबर किंमत त्यांना आयुष्यभर मोजावी लागली.

हॅल्स्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्क येथे एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. येल विद्यापीठात शिकत असताना ते अभ्यासापेक्षा मैदानावरच अधिक रमत. पदवी घेण्याच्या सुमारास मात्र त्यांना शरीररचनाशास्त्राची गोडी लागली. १८७७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क येथून वैद्यकीय पदवी मिळविली. त्यानंतर दोन वर्षे व्हिएन्ना आणि युरोपातील अन्य शहरांत नामवंत शल्यचिकित्सकांच्या हाताखाली त्यांनी अनुभव घेतला. १८८० मध्ये ते मायदेशी परतले आणि अल्पावधीतच निर्भय व कुशल शल्यचिकित्सक म्हणून त्यांचा लौकिक झाला. १८८१ मध्ये प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावामुळे त्यांच्या बहिणीची प्रकृती चिंताजनक झाली. त्या वेळी त्यांनी स्वतःच्या शरीरातील रक्त काढून तिला दिले आणि तिचे प्राण वाचविले.

त्या काळी शस्त्रक्रियेसाठी ईथर किंवा क्लोरोफॉर्म देऊन रुग्णाला पूर्ण बेशुद्ध करावे लागे. एका दाढेसाठी जिवाला धोका पत्करणे अनेकांना नकोसे वाटे. सप्टेंबर १८८४ मध्ये व्हिएन्ना येथील तरुण नेत्रवैद्य कार्ल कोलर यांचा एक शोध जाहीर झाला. कोकेनच्या द्रावणाचे थेंब टाकल्यास डोळा बधिर होतो, असे त्यांनी दाखवून दिले होते. प्रवासखर्च परवडत नसल्याने कोलर स्वतः हायडेलबर्गच्या परिषदेस जाऊ शकले नाहीत. त्यांचा निबंध दुसऱ्यानेच वाचून दाखविला. ही वार्ता काही आठवड्यांत अमेरिकेत पोहोचली.

डोळ्याचा पृष्ठभाग बधिर करण्यापुरताच या औषधाचा उपयोग आहे, असे हॅल्स्टेड यांना वाटले नाही. वेदनेचा संदेश मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो. ती वाट मुळाशीच अडविली, तर तिच्यावर अवलंबून असलेला सारा प्रदेश बधिर व्हावा, असे त्यांचे अनुमान होते.

या अनुमानाची कसोटी पाहण्यासाठी जबड्याची रचना अत्यंत अनुकूल होती. चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारा पाचवा मस्तिष्क मज्जातंतू तीन शाखांत विभागलेला असतो. त्यांपैकी तिसऱ्या शाखेचा एक फाटा जबड्याच्या उभ्या भागाच्या आतील बाजूस असलेल्या छिद्रातून हाडात शिरतो आणि खालच्या दातांना संवेदना पुरवितो. पुढे त्याची एक उपशाखा हनुवटीजवळ बाहेर येऊन ओठापर्यंत जाते. वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असल्याने तेथे दाताजवळ टोचलेले औषध आत झिरपते. खालच्या दाढांभोवतीचे हाड मात्र जाड व घट्ट असते. म्हणूनच मज्जातंतू हाडात शिरण्यापूर्वीच त्याला गाठावे लागते. छिद्र डोळ्यांना दिसत नाही. हाडाच्या खुणा बोटाने चाचपून सुईची दिशा ठरवावी लागते आणि त्यासाठी शरीररचनेचे अचूक ज्ञान आवश्यक असते. ते हॅल्स्टेड यांच्यापाशी होते.

१८८४ च्या अखेरीस हॅल्स्टेड आणि त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांनी हे प्रयोग सुरू केले. इतरांवर प्रयोग करण्यापूर्वी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्याच शरीरात सुया टोचून घेतल्या. खालच्या जबड्याचा मज्जातंतू बधिर करण्यात त्यांना यश आले आणि हॉल यांनी डिसेंबर १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या वैद्यकीय नियतकालिकातून ते जाहीर केले.

कोकेनचे व्यसन लागते, याची पुरेशी जाणीव त्या काळी कोणालाच नव्हती. वारंवार टोचून घेतल्याने प्रयोगात सहभागी झालेले अनेक जण त्याच्या आहारी गेले. हॅल्स्टेड यांची अवस्था सर्वांत गंभीर होती. सप्टेंबर १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातील वाक्ये इतकी विस्कळीत होती की, लेखकाचे मन ताळ्यावर नसल्याचे वाचकाच्या लक्षात यावे. १८८६ मध्ये त्यांना ऱ्होड आयलंडमधील मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे कोकेन सोडविण्यासाठी मॉर्फिन देण्यात आले आणि एका व्यसनाची जागा दुसऱ्याने घेतली. न्यूयॉर्कमधील त्यांची उज्ज्वल कारकीर्द संपुष्टात आली.

अशा वेळी त्यांचे मित्र विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोर येथे आणले आणि आपल्या प्रयोगशाळेत काम दिले. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले आणि पुढे हॅल्स्टेड तेथील शल्यविभागाचे प्रमुख झाले. पूर्वीचा धडाकेबाज तरुण आता अबोल आणि कमालीचा सावध झाला होता. ऊतींना इजा न करता, रक्तस्राव थांबवीत संथपणे शस्त्रक्रिया करण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. जंतुनाशकामुळे परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा सोलवटू लागली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी रबराचे पातळ हातमोजे करवून घेतले. १८९० मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. हातमोजे पुढे सर्वच शस्त्रक्रियागृहांत आले. शल्यचिकित्सकांना टप्प्याटप्प्याने जबाबदारी सोपविणारी निवासी प्रशिक्षणपद्धतीही त्यांनीच अमेरिकेत रुजविली. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक हार्वे कुशिंग हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

मॉर्फिनची सोबत मात्र सुटली नव्हती. त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांनी हे सत्य लिहून मोहोरबंद ठेवले होते. ते १९६९ मध्ये उघड झाले.

जबड्याच्या इंजेक्शनाचे श्रेय हॅल्स्टेड यांना दीर्घकाळ मिळाले नाही. अखेर १९२२ मध्ये अमेरिकेतील दंतवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना सुवर्णपदक देऊन गौरविले. त्याच वर्षी ७ सप्टेंबर रोजी पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे त्यांचे बाल्टिमोर येथे निधन झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रोकेन आल्यावर दंतचिकित्सेतील कोकेन मागे पडले. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेले लिडोकेन भारतात लिग्नोकेन या नावाने परिचित आहे. या औषधांमुळे कोकेनसारखे व्यसन लागत नाही. औषध बदलले, तरी जबड्याच्या आतील बाजूस त्या मज्जातंतूला गाठण्याची मूळ कल्पना कायम आहे. आज खुर्चीत निर्धास्तपणे बसणाऱ्या रुग्णाला जी सुरक्षितता लाभली आहे, ती ही वाट प्रथम शोधणाऱ्या हॅल्स्टेड यांच्या वाट्याला आली नाही.